एकाच कानात कॉक्लियर इम्प्लांट आणि श्रवणयंत्र: आवाज सारखा सारखा "पातळ" होतोय तर आधी काय बघायचं

त्रास असाय. सगळं नीट चालू असतंय आणि एक दिवस सकाळी प्रोसेसर, म्हणजे कानामागं लावायचं मशीन, लावला की आवाज पातळ लागतो. शब्द कळतात, "स" "श" कळतात, पण बाप्या माणसाचा आवाज ओळखू येत नाही, गाणं लावलं तर चाल लागत नाही, मोटरसायकलचा हॉर्न ऐकू येतो पण मागून ट्रॅक्टर आलेला कळत नाही. दोन-चार दिवसांनी आपोआप बरं वाटतं, मग महिना-दोन महिन्यांनी परत तेच. मी परभणीच्या मोंढ्यात आडत दुकानावर हिशोबाचं काम करतो, हमाल-शेतकरी-व्यापारी सगळे एकदम बोलायलेत अशा जागी दिवस जातो, त्यामुळं हा फरक मला लगेच जाणवतो. ओळखीतले असंच मशीन असलेले दोघं-तिघंही हेच विचारायलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण हिअरिंग एडच्या दुकानातसुद्धा लोक गोंधळ करतात. एका कानात इम्प्लांट (ऑपरेशननं आत बसवलेलं, विजेनं ऐकवणारं) आणि दुसऱ्या कानात श्रवणयंत्र (आवाज मोठा करणारं), ते वेगळं, त्याला बायमोडल म्हणतात. मी बोलतोय ते एकाच कानातलं: डोक्याला कॉइल म्हणजे इम्प्लांटला आवाज पोचवणारी मॅग्नेटची चकती चिकटलेली आहे आणि त्याच प्रोसेसरमधून एक रिसिव्हर म्हणजे बारका स्पीकर त्याच कानाच्या भोकात पण जातो. कुणी याला हायब्रिड म्हणतं, कुणी ईएएस, म्हणजे वीज आणि साधा आवाज दोन्ही मिळून ऐकवणं. ज्यांचं खालच्या सुराचं म्हणजे लो फ्रिक्वेन्सीचं ऐकणं बऱ्यापैकी शिल्लक आहे पण वरचं पार गेलंय अशांसाठी हे आहे. आपल्या कॉक्लियामध्ये, म्हणजे आतल्या कानातल्या शंखात, तोंडाशी वरचे सूर आणि आत टोकाशी खालचे सूर अशी व्यवस्था असते, म्हणून इलेक्ट्रोड म्हणजे इम्प्लांटची आत घातलेली तार आतल्या टोकापर्यंत नेत नाहीत, वरचे सूर विजेनं देतात आणि खालचे सूर साध्या श्रवणयंत्रासारखे मोठे करून कानाच्या पडद्यावाटे पाठवतात. कल्पना नवीन नाही, जर्मनीत फ्रँकफर्टच्या डॉ. क्रिस्तोफ फॉन इलबर्ग यांच्या टीमनं १९९९ मध्ये हे मांडलं, अमेरिकेत कॉक्लियर कंपनीच्या हायब्रिडला २०१४ मध्ये आणि मेड-एल कंपनीच्या ईएएसला २०१६ मध्ये एफडीएची, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्याची, मंजुरी मिळाली. पण आपल्या भागात असं मशीन वापरणारे कमी, त्यामुळं शेजारीपाजारी विचारायला कुणी सापडत नाही.

श्रवणयंत्र कुठपर्यंत आणि इम्प्लांट कुठून, ही हद्द ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारे) मॅपिंगमध्ये, म्हणजे मशीनचं सेटिंग करताना, ठरवतात, दोन शेतांच्या मधला बांध असतो तसं. बांधाच्या अलीकडचं विजेच्या भागाला दिलेलंच नसतं. म्हणून श्रवणयंत्राचा भाग बंद पडला तर इम्प्लांट ते सांभाळून घेत नाही, तेवढा तुकडा सरळ गायब होतो. ट्रॅक्टर ऐकू येत नाही तो यामुळं.

म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं एकच आहे. आवाज बिघडला की काहीही हात लावायच्या आधी कोणता अर्धा भाग गेलाय ते ओळखा. खालचा गेलाय, वरचा गेलाय, का दोन्ही. इम्प्लांटच खराब झालं म्हणून माणूस घाबरतो, घरचे घाबरतात, पण बऱ्याच वेळा गडबड कानाच्या भोकातल्या त्या एवढ्याशा रिसिव्हरची असते.

ओळखायचं कसं, तर "लिंग" (Ling) नावाच्या तज्ज्ञाचे सहा आवाज. लहान लेकरांच्या इम्प्लांटनंतर घेतात तीच टेस्ट, मोठ्यांना पण तितकीच कामाची. म, ऊ, आ, ई, श, स. घरातल्या कुणाला तरी मागं उभं करा, साधारण एक मीटरवर, तोंडापुढं वही धरायला सांगा आणि हे सहा आवाज उलटसुलट क्रमानं नेहमीच्या आवाजात म्हणायला लावा, ओरडून नाही. आपण जसं ऐकू येईल तसं परत म्हणायचं. मग तीन मीटरवरून परत. "म" आणि "ऊ" खालचे, "श" आणि "स" वरचे. "म" येईना आणि "स" स्वच्छ येतोय तर श्रवणयंत्राचा भाग. उलटं असेल तर विजेचा. आणि "ई" वर खास लक्ष ठेवा, कारण "ई" आणि "ऊ" चा खालचा भाग जवळपास सारखाच असतो, वरच्या भागामुळं ते वेगळे कळतात, म्हणून विजेचा भाग गेला असेल तर समोरचा "ई" म्हणतो आणि आपल्याला "ऊ" ऐकू येतं. माझी बायको ही टेस्ट चहा उकळेपर्यंत करून टाकते, आता तिला वही पण सांगावी लागत नाही.

अजून पक्कं करायचं तर एकेक भाग काढून बघा. कॉइल डोक्यावरून बाजूला करा आणि कानातला रिसिव्हर तसाच ठेवा, आता जे ऐकू येतंय ते फक्त श्रवणयंत्राचं. काही प्रोसेसरमध्ये कॉइल काढली की थोड्या वेळानं सगळंच आपोआप बंद होतं, त्यामुळं लगेच बघायचं, किंवा पुढच्या मॅपिंगला ऑडिओलॉजिस्टना विचारायचं की फक्त अकॉस्टिक म्हणजे श्रवणयंत्राच्या भागाचा वेगळा प्रोग्राम टाकून देता येईल का. मग उलटं, कॉइल लावा आणि रिसिव्हर कानातून काढा. आणि हे सगळं ठीक असताना एकदा करून ठेवा हो, नुसता "म" कसा लागतो आणि नुसता "स" कसा लागतो ते माहीत असेल तरच बिघडल्यावर फरक कळणार.

इथं एक फसवणूक आहे. साधं श्रवणयंत्र चालू आहे का बघायला आपण ते मुठीत धरतो आणि शिट्टी वाजली की चालू म्हणतो. इथं तो हिशोब धरू नका. शिट्टी जास्त करून वरच्या फ्रिक्वेन्सीत होते, आणि आपल्या मशीनचा हा भाग फक्त खालचं मोठं करतो, शिवाय फीडबॅक म्हणजे ही शिट्टी दाबायचं सेटिंग पण असतं. त्यामुळं शिट्टी नाही वाजली म्हणजे बंद पडलं असं अजिबात नाही. त्यापेक्षा स्टेथोक्लिप मिळते, स्टेथोस्कोपसारखी, ती रिसिव्हरला लावून ऐकणं चांगलं असलेल्या घरच्या माणसाला ऐकू द्या. एकदा घेतली की वर्षानुवर्षं पुरते.

आता खालचा भाग गेलाय असं ठरलं तर पुढं. हेच सारखं होतं, म्हणून यावर जरा थांबतो.

सगळ्यात आधी वॅक्स गार्ड, म्हणजे मळ अडवणारी जाळी. रिसिव्हरच्या टोकावर एक बारीक पांढरी जाळी असते, मोहरीच्या दाण्याहून लहान. मोबाईलचा टॉर्च आणि सोनाराकडं असतं तसलं भिंग घेऊन बघा, जाळीची भोकं दिसायला पाहिजेत. तिथं पिवळट, चकाकणारं, सपाट काही दिसलं की समजायचं बसलाय मळ. सुईनं, टाचणीनं कोरायचं नाही, रिसिव्हरच्या आतला पडदा फाटतो आणि मग रिसिव्हरच बदलावा लागतो. नवीन गार्ड ज्या काडीवर येतात त्या काडीचं एक टोक जुना ओढून काढायला आणि दुसरं टोक नवीन बसवायला असतं. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा त्रास इथंच संपतो. ज्यांचं नुसतं इम्प्लांट आहे ते लोक म्हणतात कानातल्या मळानं आम्हाला काही फरक पडत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे, त्यांचा आवाज कानाच्या भोकातून जातच नाही. आपला अर्धा आवाज तिथूनच जातो. म्हणून आपल्याला कान साफ लागतो, आणि तो ईएनटीकडूनच साफ करून घ्यायचा, काडेपेटीच्या काडीनं नाही, गाडीची चावी घालून तर नाहीच नाही.

गार्ड स्वच्छ आहे तरी आवाज पातळच, तर मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा. बोटानं मोल्ड हलकेच आत दाबा. दाबल्याबरोबर आवाज भरीव झाला आणि सोडल्यावर परत पातळ, तर मोल्ड ढिला झालाय. खालचे सूर फटीतून सगळ्यात आधी निसटतात, साध्या हिअरिंग एडवाल्याला ज्या फटीनं काही वाटत नाही त्या फटीनं आपलं सगळं काम बिघडतं. वजन कमी झालं, दाढ काढली, मोल्ड जुना होऊन आकसला, कशानंही होतं. जेवताना, पान खाताना आवाज येतो-जातो असं होत असेल तर जबडा हलला की फट पडतेय. नवीन माप द्यायचं, दुसरा उपाय नाही. ज्यांना मोल्डऐवजी डोम म्हणजे तयार रबरी टोपी दिलीय त्यांनी बघा की उघड्या भोकांचा डोम तर नाही बसवला कुणी, आपल्याला बहुतेक वेळा बंद डोमच लागतो.

तिसरं म्हणजे ओल, आणि आपल्या मराठवाड्यात हिची दोन रूपं. एप्रिल-मे मध्ये ४२-४३ डिग्रीत डोक्याला उपरणं गुंडाळून फिरतो तेव्हा घाम कानामागून थेट मशीनमध्ये उतरतो. मृग लागल्यापासून गणपतीपर्यंत हवाच दमट. आणि थंडीत अजून एक, परभणीची डिसेंबरची सकाळ तर माहितीय सगळ्यांना, कान गरम आणि बाहेर गार, ज्यांच्या मोल्डला नळी आहे त्यांच्या नळीत बारीक थेंब धरतात. थेंब वाळला की आवाज परत येतो. "आपोआप बरं झालं" म्हणतो ना आपण, त्यामागं बहुतेक हेच असतं, आणि म्हणूनच ते परत परत होतं.

उपाय म्हणजे रोज रात्री ड्राय बॉक्स (ओल ओढणारे दाणे असलेला डबा), आवाज बिघडल्यावर नाही, रोज. सिलिका जेलचे दाणे रंग बदलतात, निळ्याचे गुलाबी किंवा नारंगीचे हिरवट झाले की त्यांचं ओल ओढणं संपलं, पाकिटावर लिहिलंय तसं तापवून परत वापरायचे. झिंक-एअर (हवेवर चालणारे, वापरून टाकायचे) सेल असतील तर ते आधी काढून ठेवा, डब्यात ते वाळून लवकर मरतात. उन्हात ठेवायचं नाही, हेअर ड्रायर मारायचा नाही, आणि तांदळाच्या डब्यात पण नाही, तांदळाची भुकटी माइकमध्ये जाते. मोल्ड नळीवरून सुटत असेल तर काढून कोमट पाण्यात साध्या साबणानं धुवा, रबरी पंपानं नळीतलं पाणी उडवा आणि रात्रभर वाळू द्या. ज्यांचा रिसिव्हर मोल्डच्या आतच बसवलेला आहे त्यांनी मात्र पाणी दाखवायचंच नाही, फक्त कोरडं पुसायचं.

आता तेल. आपल्याकडं कान ठणकला, कान जड वाटला की म्हातारी माणसं लसूण टाकून कोमट केलेलं तेल घेऊनच येतात. माझी आई अजूनही म्हणते की दोन थेंब टाक, मोकळा होईल. त्यांची माया खरी आहे, पण ज्या कानात रिसिव्हर जातो त्या कानात तेल नको. तेल जाळीत शिरलं की ते वाळत नाही, ओलीसारखं उडून जात नाही, आणि पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन वेगळंच दुखणं होतं. आईला मी एवढंच सांगतो की या कानात मशीन आहे, तेल डोक्याला लाव.

गार्ड, मोल्ड, ओल तिन्ही ठीक आहेत, स्टेथोक्लिपनं घरच्याला आवाज भरीव ऐकू येतोय, तरी आपल्याला येत नाही? मग यंत्र सोडा आणि कान बघा. सर्दी झालीय का? सर्दीत पडद्यामागं पाणी धरतं, दाब बदलतो, आणि त्याचा फटका फक्त खालच्या अर्ध्याला बसतो, कारण वीज पडद्यावरून आणि हाडांच्या साखळीवरून जातच नाही. सर्दी ओसरली की परत येतं, पण ईएनटीला दाखवून टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडदा किती हलतो ते बघायची टेस्ट, करून घेतलेली बरी. आलेख सपाट आला, ज्याला बी टाइप म्हणतात, तर बहुतेक पाणी आहे.

वरचा भाग गेला असेल तर बघायचं थोडंच असतं. कॉइलची वायर दोन्ही टोकांना हलवून बघा, आवाज येतो-जातो तर वायर, दुसरी लावा. मॅग्नेट घसरतंय का बघा, केस वाढले की पण होतं. दोन्ही भाग एकदम मंद झाले तर सेल, आणि सेल नवीन असेल तर माइकचं कव्हर. सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात मोंढ्यात जी धूळ उडते ती त्या कव्हरवर थर धरते, ज्यांच्या गावात मळणी चालू आहे त्यांचंही तेच. झिंक-एअर सेलचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर उघडा ठेवून मग बसवा. हा श्रवणयंत्राचा भाग चालू असला की सेल लवकर उतरतो हेही लक्षात ठेवा, नुसत्या इम्प्लांटवाल्याशी तुलना करू नका.

एक गोष्ट मात्र करू नका, व्हॉल्यूम वाढवत बसू नका. खालचा भाग बंद असताना व्हॉल्यूम वाढवला की वरचाच वाढतो, भांड्याचा आवाज डोक्यात टोचतो, संध्याकाळी डोकं धरतं, आणि बाप्या माणसाचा आवाज तरीही पातळच.

आता जरा गंभीर. या कानातलं शिल्लक ऐकणं कायमचं राहीलच अशी खात्री कुणी देत नाही. ऑपरेशनच्या वेळी, नंतर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही ते कमी होऊ शकतं. म्हणून वरचं सगळं तपासून झालं आणि तरी "म" "ऊ" येईना, तर ते आठवडी बाजारासारखं पुढच्या खेपेवर ढकलू नका, त्यातून कानात आवाज वाजायलाय, गरगरायलंय किंवा एका रात्रीत ऐकणं पडलंय असं असेल तर त्याच दिवशी ईएनटीला गाठा. अचानक गेलेल्या ऐकण्यावर स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा असेल तर तो लवकर सुरू केल्यावर होण्याची शक्यता जास्त. शुगर असेल तर डॉक्टरला आधी सांगा, स्टेरॉइडनं ती वाढते. जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं चालू असतील तर तेही सांगा, ती कानाला मारक ठरू शकतात. तापासाठी गावात इंजेक्शन घेताना आधीच सांगितलेलं अजून बरं.

टेस्टला गेल्यावर अडचण अशी येते की काही ठिकाणी इम्प्लांट आहे म्हणून त्या कानाची साधी टेस्ट करतच नाहीत, त्यांना वाटतं त्या कानात आता काही उरलंच नसणार. आपण ठामपणे सांगायचं: प्रोसेसर काढून, हेडफोन लावून याच कानाची प्युअर टोन टेस्ट (एकेक सूर किती बारीक ऐकू येतो ती) करा, १२५, २५० आणि ५०० हर्ट्झ म्हणजे खालचे सूर घ्याच, आणि कानामागच्या हाडाला यंत्र टेकवून हाडातून पण बघा. १२५ बऱ्याच ठिकाणी सोडून देतात. हवेतून म्हणजे हेडफोननं कमी आणि हाडातून पहिल्यासारखं, तर मळ, पाणी असलं काहीतरी, म्हणजे दुरुस्त होण्यासारखं. दोन्ही कमी, तर आतलं ऐकणं उतरलंय. ५ डेसिबल इकडंतिकडं होतंच, त्याचं टेन्शन घेऊ नका, शेजारच्या दोन फ्रिक्वेन्सीत १०-१५ च्या वर फरक असेल तर तो खरा धरा. तुलना करायला जुना ऑडिओग्राम म्हणजे या टेस्टचा आलेख लागतो, त्याचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या.

आणि खरंच उतरलं असेल तरी सगळं संपलं असं नाही, हे मला अगदी मनापासून सांगायचंय कारण लोक इथं फार खचतात. थोडं उतरलं असेल तर श्रवणयंत्राचा भाग वाढवता येतो, हद्द खाली सरकवता येते. पार गेलं तर मॅपिंग बदलून खालचे सूर पण इलेक्ट्रोडवर देतात आणि कानातला रिसिव्हर काढून टाकतात. सुरुवातीला विचित्र लागतं, सवय व्हायला वेळ जातो, पण मधला तुकडा गायब ठेवून महिनोनमहिने जुन्याच मॅपवर काढण्यापेक्षा ते कितीतरी बरं. जुना मॅप आणि नवा कान यांची सांगड बसत नाही तेव्हा काहींना आवाज घोगरा किंवा दुहेरी पण लागतो, तोही मॅपिंगनंच सुटतो.

मॅपिंगला आपल्याला छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई नाहीतर नांदेडकडच्या लोकांना हैदराबाद, म्हणजे दिवस मोडतो आणि गाडीभाडं वेगळं. म्हणून निघायच्या आधी ऑडिओलॉजिस्टना व्हॉट्सॲप करा, आणि "मशीन नीट चालंना" असं नको. असं लिहा: "मॅडम, उजवा कान, अकॉस्टिक भागाचा आवाज कालपासून कमी. म, ऊ येत नाही, श, स येतंय. वॅक्स गार्ड बदलला, ड्राय बॉक्समध्ये रात्रभर ठेवलं, मोल्ड दाबून फरक नाही. स्टेथोक्लिपवर घरच्यांना आवाज येत नाही. सर्दी नाही. जुना ऑडिओग्राम सोबत पाठवतोय." एवढ्यावरून त्यांना कळतं की रिसिव्हर गेलाय, तो कुरियरनं येऊ शकतो का मागवून ठेवायचा, का तुम्हाला टेस्टसाठी बोलवायचं. रिसिव्हर मागवताना बाजू आणि लांबीचा नंबर सांगायला विसरू नका, बऱ्याच मशीनमध्ये डाव्या-उजव्याचा वेगळा येतो. घरात जादा वॅक्स गार्डचं पाकीट, एक कॉइल वायर आणि सेलचा एक पत्ता असू द्या, आणि जमलं तर वॉरंटी संपायच्या आधी एक जादा रिसिव्हर पण घेऊन ठेवा.